जेटचा नंबर

आमच्या वस्तीची एक पिकअप आहे. जुनी, महिंद्राची, पेट्रोलवाली. विलीजच्या घराण्यातलं २.२ लिटरचं इंजिन. हंगामात धानाची पोती वाहते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भंडाऱ्याहून नागपूरला भोजनदानाचा तांदूळ आणि गंज नेते. तिचा कार्बोरेटर झिजला होता. थ्रॉटलच्या दांडीतून फुकटची हवा शिरायची. गाडी थांबली की इंजिन बंद.

गॅरेजवाला म्हणाला, "मोठा कार्बोरेटर टाक, पळते." हिशोब विचारला तर हसला. "हे हाताचं काम आहे बाप्पा, पुस्तकातलं नाही. तू काहून डोकं लावतं? तुमचं काम पोती उचलाचं."

हाताचं काम! मग हात कुणाचे काळे आहेत? त्याच्याकडे आमचीच पोट्टी पेट्रोलात पार्ट धुतात. स्क्रू फिरवायची वेळ आली की त्यांना चहा आणायला धाडतात. पूर्वी मंत्र कानावर पडू देत नव्हते. आता जेटचा नंबर डोळ्याला पडू देत नाहीत.

मी राइसमिलमध्ये आहे. कोंडा उडवायचा पंखा माझ्याकडे. हवा जास्त झाली तर तांदूळ उडतो, कमी झाली तर कोंडा राहतो. हवेचं माप मला नवं नाही.

म्हणून हिशोब मीच मांडला. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा छाती भरतं. मिनिटाला ३५०० फेऱ्या, म्हणजे १७५० वेळा २.२ लिटर. ३८५० लिटर हवा. तीही कागदावर, खरी त्याहून कमी. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवा जोरात धावते, तिथं दाब उतरतो, म्हणून जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. गळा उगाच रुंद केला की हवेचा वेग मरतो आणि कमी रेसला पेट्रोल उठतच नाही. नुसतं तोंड मोठं, दम नाही. आपल्या काही सभांसारखं.

मापाचा, एका गळ्याचा सोलेक्स आणला. नवं गॅस्केट टाकलं. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याच्या अंगातच ऑक्सिजन, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. मेन जेट एक पायरी मोठा घातला.

रविवारी गॅरेजातल्या त्याच पोट्ट्यांना बोलावलं. मी गणित वाचलं, स्क्रू त्यांनी फिरवला. गाडी फिरवून प्लग काढला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. आमचा निघाला तपकिरी. पोट्टी एकमेकांकडे पाहत राहिली.

जेटचे नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवलेत. कुणीही वाचावेत. पण दोस्तहो, आमचा नंबर तुमच्या गाडीत डोळे मिटून घालू नका. तुमच्या इंजिनाचा हिशोब तुम्हीच करा.