पहिल्या वाक्यांचें गांव

वाडा पाडावयाचें ठरलें तेव्हां आमच्या घरांतील भांड्यांची वांटणी एका दुपारींत आटोपली. पुस्तकांची मात्र दोन महिने होईना. पुण्यांतील या वाड्यांत आमच्या चार पिढ्या नांदल्या. आतां त्या जागीं उंच इमारत व्हावयाची, आणि आम्ही तिघे भाऊ तीन निरनिराळ्या बिऱ्हाडांत जावयाचे. प्रत्येकाच्या वांट्यास खोल्या मोजक्याच. आजोबांच्या दोन सागवानी कपाटांतील सुमारें चारशें पुस्तकें कोणीं न्यावयाचीं, हा प्रश्न निघाला कीं जो तो दुसऱ्याच्या घराच्या भिंती मोजूं लागे. धाकट्या भावानें एकदां रद्दीवाल्याचें नांव काढलें. आत्या त्यावर कांहींच बोलल्या नाहींत. परंतु त्या रात्रीं त्यांनीं पानास हात लाविला नाहीं, आणि तें नांव पुनः कोणी काढलें नाहीं.

आत्यांचें व त्या कपाटांचें नातें जुनें आहे. आमच्या लहानपणीं दिवेलागणीनंतर माजघरांत त्यांचा एक खेळ चाले. एकानें कपाटांतून कादंबरी काढावी, तिजवर वर्तमानपत्राचें वेष्टन घालावें, आणि तिचें पहिलें वाक्य तेवढें मोठ्यानें वाचावें. शेंगा सोलीत, वाती वळीत बसलेल्या मंडळींनीं पुस्तक ओळखावें. दुसरें वाक्य वाचणें हा नियमभंग. जो आधीं ओळखील त्याला पुढचें पुस्तक काढण्याचा मान. या खेळानें आमच्या घरांत एक विलक्षण पांडित्य निर्माण झालें होतें. पाहुणे येत ते देखील आपापलीं वाक्यें पाठ करून येत. गेलीं सहा वर्षें आत्यांच्या डोळ्यांस अक्षर दिसत नाहीं. तरी खेळांतील त्यांचा पहिला क्रमांक सुटलेला नाहीं.

वांटणीचा घोळ संपेना, तेव्हां धाकट्या सूनबाईंनीं सुचविलें कीं, ज्या गांवानें पुस्तकांस आपल्या राहत्या घरांत जागा दिली आहे तें गांव एकदां पाहून यावें. मग काय तें ठरवावें. गेल्या पौषांत एका रविवारीं पहाटे आत्या, काका, आम्ही भावंडें व मुलें अशीं दहाबारा माणसें भिलारास निघालों.

खंबाटकीचा घाट चढून उतरल्यावर सुरूरपाशीं सातारचा हमरस्ता सोडावा लागतो, व तेथून वाईची वाट लागते. वाईस कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. काकांनीं दुसराही एक नमस्कार केला. तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांस. ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला, त्याचें संपादन शास्त्रीबोवांनीं याच गांवीं राहून केलें. काका म्हणाले, "मोठें ग्रंथकार्य मोठ्या शहरांतच होतें असें समजणाऱ्यांनीं एकदां हा घाट पाहून जावा."

वाईच्या पुढें पसरणीचा घाट. खालीं धोमच्या धरणाचें पाणी उन्हांत चमकत होतें, आणि गाडी एकामागून एक वळणें घेत होती. मुलांनीं गाडींतच खेळ मांडला. काकांची पाळी आली तेव्हां त्यांनीं बाणभट्टाची 'कादंबरी' काढली, म्हणजे पुस्तक नव्हे, स्मरणांतून. सातव्या शतकांत हर्षाच्या पदरीं असलेल्या या कवीच्या ग्रंथाचें नांवच आपण मराठींत या सबंध वाङ्मयप्रकारास दिलें आहे. आरंभींचे मंगलश्लोक संपून गद्य सुरू झालें कीं क्रियापद अगदीं पहिल्यानेंच येतें. परंतु कोण होता, तें कळावयास विशेषणांमागून विशेषणें ओलांडावीं लागतात. शूद्रक राजाचें नांव कानीं पडलें तेव्हां आमचीं चार वळणें मागें पडलीं होतीं. "पहिलेंच वाक्य एवढें, तर ग्रंथ पुरा केव्हां झाला?" असें नातवानें विचारलें. काका म्हणाले, "त्याच्या हातून झालाच नाहीं. तो गेल्यावर मुलानें पुरा केला." यावर गाडींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढें आजोबांचीं कपाटें आलीं असावींत.

पांचगणीहून महाबळेश्वराकडे निघालें कीं थोड्याच वेळांत भिलारची वाट लागते. तांबडी माती, टप्प्याटप्प्यांचीं शेतें, आणि त्यांत ओळींनें लावलेलीं स्ट्रॉबेरीचीं रोपें. या फळाबद्दल गांवाची ख्याति पूर्वींचीच. ४ मे २०१७ रोजीं महाराष्ट्र शासनानें राज्य मराठी विकास संस्थेच्या द्वारें येथें 'पुस्तकांचें गांव' वसविलें, तेव्हां दुसरी ख्याति तीस जोडली गेली. आरंभीं २५ ठिकाणीं, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, मिळून सुमारें १५,००० पुस्तकें ठेवण्यांत आलीं. एका घरीं कविता, दुसऱ्या घरीं चरित्रें, कोठें संतवाङ्मय, कोठें इतिहास, कोठें मुलांचीं पुस्तकें. कोणत्या घरीं काय आहे तें बाहेरच्या भिंतीवरील रंगीत चित्रावरूनच ध्यानांत येतें.

ही कल्पना विलायतेंतील वेल्स प्रांतांतल्या हे-ऑन-वाय या गांवावरून सुचली. तेथील रिचर्ड बूथ नांवाच्या पुस्तकविक्यानें १ एप्रिल १९७७ रोजीं आपल्या गांवास स्वतंत्र राज्य व स्वतःस त्याचा राजा म्हणून जाहीर केलें होतें! परंतु त्या गांवांत व या गांवांत एक मोठा भेद आहे. तेथें जुनीं पुस्तकें विकतात. भिलारास तीं केवळ वाचावयाचीं. यावें, हवें तें काढावें, ओसरीवर बसून वाचावें व परत ठेवून जावें. विकत घेण्याची सोय नाहीं, म्हणून मोल विचारण्याचें कारण नाहीं. धाकट्या भावाकडे आम्हीं सहज पाहिलें. तो भिंतीवरचें चित्र पाहण्यांत गुंतला होता.

कादंबऱ्यांच्या घरीं पोहोंचलों तेव्हां घरधनीण अंगणांत लसूण निवडीत होती. तिनें आत्यांचा हात धरून त्यांस खुर्चीवर बसविलें. "बसा आजी, निवांत. पुस्तकं काय कुठं पळत न्हाईत," असें म्हणून ती पाणी आणावयास गेली. तेथें सांगलीकडील एक शिक्षक आपल्या मुलीसह आधींच येऊन बसले होते. आमच्या मुलांनीं खेळाचा नियम सांगतांच तीं दोघेंही त्यांत सामील झालीं, आणि ओसरीवर आमच्या माजघराचा थाट उभा राहिला.

काय काय निघालें तें सांगूं लागलों तर पान पुरणार नाहीं. परंतु आरंभांच्या तऱ्हा पाहतां पाहतां मराठी कादंबरीचा प्रवासच डोळ्यांपुढून गेला. १८५७ सालीं निघालेलें बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' ही आपली पहिली कादंबरी, आणि तीच मुळीं नवऱ्याबरोबर गांवोगांव हिंडून विधवांचे हाल पाहणाऱ्या यमुनेची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तींत यमू आपल्याच तोंडानें आपलें बालपण सांगूं लागते, आणि घरांतलेंच कोणी जवळ येऊन बसल्यासारखें वाटतें. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ंत (१९५५) तरुण मास्तर गांवाची वाट चालत असतो. वाचकानें त्याच्या मागून निघावयाचें. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसल्या'चा (१९६३) नायक आरंभींच आपलें नांव व वय सांगून मोकळा होतो, पण तें अशा तऱ्हेनें कीं, हा मनुष्य खरें बोलतो आहे कीं आपली थट्टा करतो आहे, हें कळूं नये. काकांनीं नाक मुरडलें. शिक्षकांच्या मुलीनें टाळी वाजविली. हीं सर्व आत्यांनीं अर्ध्या वाक्यावर ओळखलीं.

मग त्या मुलीनें एक पातळसें, अलीकडचें पुस्तक काढलें व पहिलें वाक्य वाचलें. आत्या गप्प राहिल्या. आम्हांपैकीं कोणासच तें ओळखेना. नातू म्हणाला, "आत्याआजी हरली!" खेळाच्या नियमाप्रमाणें पुस्तक मिटावयाचें, मुलीनें तें मिटलेंही. तेव्हां आत्या हळूच म्हणाल्या, "मिटूं नकोस, बाळ. पुढें वाच."

नियम मोडल्याचें आश्चर्य मोठ्यांस वाटलें. मुलीस वाटलें नाहीं. ती वाचीत गेली. एक पान झालें, दोन झालीं. लसूण निवडणारी बाईही हातांतलें सूप तसेंच धरून उंबऱ्याशीं येऊन बसली. प्रकरण संपलें तेव्हां ऊन ओसरीवरून उतरून अंगणांत गेलें होतें.

परततांना आत्यांनीं जें सांगितलें तें आम्हीं पूर्वीं कधींच ऐकलें नव्हतें. त्यांची आजी, म्हणजे आमची पणजी, लाल आलवणांतली. अक्षरओळख नाहीं. आत्या दहा वर्षांच्या असतांना कपाटांतून हरिभाऊंची ती कादंबरी काढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत तिला वाचून दाखवीत. पहिलें वाक्य झालें, आणि आत्यांनीं दमून पुस्तक मिटलें. पणजी म्हणाली, "पुढें?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं तिचा तोच एक शब्द. यमूवर केशवपनाचा प्रसंग आला त्या संध्याकाळीं मात्र ती कांहीं बोलली नाहीं. पदर डोक्यावरून पुढें ओढून बराच वेळ बसली. दुसऱ्या दिवशीं तिनें पुनः म्हटलें, "पुढें?"

"ती गेल्यावर 'पुढें' म्हणणारें कोणी उरलें नाहीं," आत्या म्हणाल्या. "म्हणून मी तुम्हां मुलांना पहिल्या वाक्याची गोडी लावूं गेलें. वाटलें, एक वाक्य ऐकाल तर दुसरें मागाल. तुम्ही ओळखण्यांतच पटाईत झालां."

हा बोल आम्हांस लागला, कारण तो खरा होता. जीं पहिलीं वाक्यें आम्ही चुटकीसरशीं ओळखीत होतों, त्यांतलीं निम्मीं पुस्तकें आम्हीं शेवटपर्यंत वाचलेलीं नव्हतीं. दारावरची पाटी वाचून परत फिरावें, आणि आपणांस सारी आळी माहीत आहे म्हणून मिरवावें, तशांतली ती विद्वत्ता. कपाटांसाठीं भांडतांना आम्ही वडिलांच्या ठेव्याचें नांव घेत होतों. त्या ठेव्याला हात लावून मात्र कित्येक वर्षें लोटलीं होतीं.

पुण्यास आल्यावर वांटणी झाली, ती आत्यांनीं घातलेल्या नियमानें. आठ संध्याकाळ माजघरांत सारीं घरें एकत्र बसलीं. एकेक पुस्तक काढावयाचें, पहिलें वाक्य वाचावयाचें, आणि जो 'पुढें?' म्हणेल त्याचें तें पुस्तक. ओळखणाऱ्यास कांहीं नाहीं. 'बनगरवाडी' धाकट्या भावानें मागितली. रद्दीची आठवण त्याला कोणी दिली नाहीं. बाणाची 'कादंबरी' मागणारे एकटे काकाच निघाले. ज्यांस कोणीच 'पुढें' म्हटलें नाहीं अशीं दीडशेंवर पुस्तकें उरलीं. तीं आमच्या कोंकणांतील मूळगांवच्या वाचनालयास पोंचतीं केलीं. आपण विचारलें नाहीं, म्हणून दुसऱ्या कोणी विचारूं नये असें थोडेंच आहे!

हरिभाऊंची ती जुनी प्रत सूनबाईंच्या तेरा वर्षांच्या मुलीनें मागून घेतली. आत्या आतां त्यांच्याच बिऱ्हाडीं असतात. संध्याकाळीं मुलगी एक प्रकरण वाचते व पुस्तक मिटते. परवां आम्ही गेलों तेव्हां वाचन नुकतेंच थांबलें होतें. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांस सारी कथा पाठ आहे. तरी त्या म्हणाल्या, "पुढें?"