मंडळीही गाते तेव्हा

लंडनला आल्यावर गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी मी चर्चच्या कॉयरमध्ये अल्टो गाऊ लागले आणि जॉन स्टेनर यांचं ‘द क्रुसिफिक्शन’ हाती आलं. माझं बालपण अहमदनगरचं. वधस्तंभावरचे सात उद्गार तिथे दर वर्षी उपदेशात ऐकलेले, ना. वा. टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर गायलेली. इथे तीच कथा ऑर्गनच्या साथीने उलगडत होती.

स्टेनर तेव्हा सेंट पॉल्स कॅथेड्रलचे ऑर्गनवादक होते. मोठा कॉयर हाताशी असूनही त्यांनी ही रचना साध्या चर्चला झेपेल अशी बांधली : टेनर आणि बास हे दोन एकल गायक, कॉयर आणि ऑर्गन. वाद्यवृंद नाहीच. २४ फेब्रुवारी १८८७ रोजी लंडनच्या सेंट मेरिलबोन चर्चमध्ये ती पहिल्यांदा गायली गेली.

कॅल्व्हरीकडे निघालेल्या मिरवणुकीत ऑर्गन आणि कॉयर दणदणतात. पुढे ‘गॉड सो लव्ड द वर्ल्ड’ येतं आणि ऑर्गन पूर्ण थांबतो. योहान ३:१६ हे वचन मी संडे स्कूलमध्येच पाठ केलेलं. इथे चारही आवाज एकदमच, अगदी हळू सुरू होतात, अक्षराला अक्षर जुळवत. अल्टोला ठळक चाल नाही. काही ठिकाणी आपला स्वर जागचा हलत नाही, पण खाली बास सरकतो आणि त्याच स्वराचा रंग पालटतो. एका सुरावर वाढलेल्या माझ्या कानाला हे नवं होतं. आमच्या संचालक बाई सांगायच्या, “स्वतःपेक्षा बासकडे जास्त कान द्या.” तसं केल्यावर वाक्य कुठे फुलतं आणि कुठे ओसरतं, हे वहीत न बघता कळू लागलं.

वधस्तंभावरचे काही उद्गार स्टेनर एकट्या गायकाला देत नाहीत. टेनर प्रसंग सांगतो आणि प्रभूचे शब्द पुरुषांचे आवाज मिळून गातात. त्यामुळे कुणी एक जण येशूची भूमिका वठवतोय असं वाटत नाही. शब्द तेवढे समोर राहतात.

या संगीताला अनेक समीक्षकांनी भाबडं, गोडगोड म्हटलंय. गोडवा आहेच, स्वरसंगती हळवी आहे आणि ते हळवेपण ती लपवत नाही. पण अधूनमधून येणारी पाच गीतं मंडळीने उभं राहून गायची आहेत. बाखच्या पॅशनमधल्या कोरालांची आठवण देणारी ही योजना आहे. आम्ही गात होतो तेव्हा पहिल्या गीतालाच बाकांवरून आवाज उठला. कुणी सुरात, कुणी सुराच्या जरा खाली. इतका वेळ ऐकणारी माणसं त्या दुःखात सामील झाली. भक्तिसंगीत कुणाला गाता येतं, हीही त्याची कसोटी आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ज्या चर्चला वाद्यवृंद परवडत नाही, त्याच्याही ओठी स्टेनर यांनी ही कथा दिली.