मशीनगनचा नियम

अमरावतीच्या वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासानंतर आमचा जो खेळ चाले, त्यास विकतचा पट नव्हता. पाठकोऱ्या कागदांवर काढलेला नकाशा, लुडोचा एक फासा आणि प्रत्येकाचा एक जवान. त्याचे नाव, गाव, स्वभाव ज्याचा त्याने ठरवायचा. अमेरिकेत १९७४ पासून असे खेळ छापून विकले जात, हे आम्हांस फार उशिरा कळले. नियम आमचेच, आणि भांडणे बहुधा मशीनगनवरून. गोळीगणिक फासा टाकावा तर रात्र सरे. एकाच फाशात निकाल लावावा तर पाचवीतली मुले पहिल्याच फैरीत बाद होऊन हिरमुसली निजत.

तोड सुचविली ती अकोल्याकडच्या एका वर्गमित्राच्या वडिलांनी. ते महार रेजिमेंटचे निवृत्त सैनिक. १९४१ साली बेळगावात उभी राहिलेली ही रेजिमेंट १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या बोधचिन्हावर दोन व्हिकर्स मशीनगन आजही एकमेकींना छेदून आहेत. मिनिटाला सुमारे ४५० गोळ्या, २५० गोळ्यांचा पट्टा, नळी निववायला पाणी. "ते मानसाले नाई पायत बाप्पा, जागा धरते," काका म्हणाले.

मग आम्ही नकाशावर माऱ्याची पट्टी आखू लागलो. तीत शिरणाऱ्याने आपला फासा आपणच टाकायचा; एक पडला तरच जवान पडे, एरवी तो जमिनीस चिकटून राही. तीन फेऱ्यांनी मशीनगनवाल्याने पाणी भरायचे, तेवढ्यात इतरांनी सरकून घ्यायचे. पाचवीतली मुले आता शेवटपर्यंत जागी राहत.

पडलेल्या जवानाचे नाव नव्या जवानास द्यायचे नाही, ही अट मात्र काकांची. कारण विचारण्याची आमची छाती झाली नाही.