ऊन पाणी

जानेवारीत आमच्या टीमच्या ग्रुपवर कुणीतरी मुळशीकडच्या एका वेलनेस रिट्रीटचं ब्रोशर टाकलं. धुक्यातला तलाव, पांढऱ्या कपड्यांतली सडपातळ माणसं, साउंड हीलिंग, नाचणीचं काहीतरी आणि 'डिजिटल डिटॉक्स'. एका माणसाचे एका रात्रीचे चौदा हजार, वर जीएसटी वेगळा. आत जाताना फोन काउंटरवर जमा करायचा. म्हणजे ज्या फोनचा हप्ता मी अजून भरतेय, तोच माझ्या हातातून काढून घ्यायला दुसऱ्या कुणाला तरी पैसे द्यायचे.

हसले खरी, पण ब्रोशर दोनदा उघडलं होतं. गरज खोटी नव्हती. मी एका पेमेंट सिस्टिमवर काम करते आणि दर चार आठवड्यांतला एक आठवडा ऑन-कॉल असते. रात्री अलर्ट आला की पाच मिनिटांत लॅपटॉप उघडायचा. तो आठवडा संपतो, पण शरीराला ते कुणी सांगत नाही. ऑक्टोबरपासून मला रोज तीनच्या सुमाराला जाग यायला लागली. फोन वाजलेलाच नसायचा, तरी कानात त्याचा आवाज असायचा. मग स्क्रीन बघायची, काही नाही म्हणून ठेवायची आणि पाचपर्यंत छताकडे बघत पडायचं. मान आखडली ती वेगळीच.

वाकडच्या ज्या डॉक्टरांकडे गेले ते वयस्कर होते. रिपोर्ट बघून म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. चार दिवस हवापालट कर." हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला होता, आठवेना. पण वेलनेस ट्रॅव्हल वगैरे म्हणतात ते नवं कुठे आहे? हवापालटच तो. पूर्वी क्षयाच्या रोग्यांना पाचगणीला ठेवायचे. इंग्रजांनी आपले थकलेले, निवृत्त सैनिक दापोलीच्या पठारावर वसवले होते, म्हणून तिथे अजूनही जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात. हवा बदलली की माणूस बदलतो, एवढा साधा हिशोब.

आणि बायकांसाठी आपल्याकडे त्याहून स्वस्त सोय होती : माहेरपण. भाडं बसचं, मुक्काम आईकडे, पॅकेजमध्ये डोक्याला तेल, दुपारची झोप आणि ताट वाढून हातात. 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणजे दुसरं काय असतं? मी कराडला घरी गेले की मला ते अजूनही मिळतं. त्या वेळीही माझा बेत तोच होता, सुट्टी टाकायची आणि कराडला जाऊन चार दिवस झोपायचं. मग लक्षात आलं, माझं माहेरपण म्हणजे आईची ड्यूटी. मी गेले की ती पहाटे उठून थालीपीठं लावते. तिचं स्वतःचं माहेर पाटणकडच्या एका गावात होतं. आजी गेली, मग मामाने घर विकलं. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत आईला कुणी ताट वाढून दिलेलं नाही. लग्नकार्यातल्या पंगती मी धरत नाही, तिथेही ती वाढायलाच उभी असते.

म्हणून तिला म्हटलं, चल, दोघी कुठेतरी जाऊ. तिचा पहिला प्रश्न : "किती खर्च?" दुसरा : "तुझ्या बाबांच्या जेवणाचं काय?" बाबा डबा लावतील म्हटल्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी बाबांना वृद्धाश्रमात टाकायचं सुचवलंय. शेवटी तिच्या गुडघ्यांनी माझी बाजू घेतली. गुडघेदुखीला गरम पाण्याचे झरे चांगले, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. बीपीची गोळी चालू आहे, म्हणून आधी तिच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही, बाहेर येताना हळूहळू उठायचं आणि पाणी पीत राहायचं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब खाली येतो आणि एकदम उठलं की चक्कर येते. तुमच्या घरचं कुणी हृदयाचं दुखणं असलेलं असेल, तर न विचारता नेऊ नका.

कोकणात असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत एका लांबलचक पट्ट्यात आहेत, एकूण अठरा ठिकाणी. वज्रेश्वरी-गणेशपुरी सगळ्यांना माहीत असतं. मला मोह पडला तो नावांचा. दापोली तालुक्यात उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळ उन्हाळे. तिन्ही नावांत ऊन आहे, पण आकाशातलं नव्हे, पाण्यातलं. आमच्याकडे आई अजूनही 'गीझर लाव' म्हणत नाही, 'पाणी ऊन कर' म्हणते. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढत जातं, साधारण प्रत्येक किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. एवढंच. वीजबिल नाही, मेंटेनन्स नाही, ऑन-कॉल नाही. आमची सिस्टिम आठवून मला त्याचा थोडा हेवा वाटला.

फेब्रुवारीत गेलो. मी पुण्याहून एसटीने कराड, तिथून आईला घेऊन पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग खेड, मग दापोली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आईला हे माहीत होतं, पण तिने त्याचा उपयोग केला होता फक्त दवाखान्यासाठी आणि लग्नांसाठी. पाटणच्या पुढे एका फाट्यावर गाडी थांबली, दोन माणसं उतरली. आई खिडकीतून त्या आत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही, तीही नाही. गाडी सुटल्यावर तिने पिशवीतून चिक्की काढून मला दिली.

दापोलीत खोली मिळाली दिवसाला हजार रुपयांत. स्वच्छ चादरी, गॅलरी, समोर मोहोरलेला आंबा. तळमजल्यावर एक काकू खानावळ चालवायच्या. पहिल्या संध्याकाळी मी आंघोळ करून खाली आले, तर आई खानावळीच्या ओट्यापाशी उभी. "पालेभाजी निवडून देऊ का?" असं काकूंना विचारत होती! मी तिला हाताला धरून टेबलाशी आणलं. ताट समोर आलं तेव्हा तिने आधी चटणी, मग भात, मग माझं ताट तपासलं. पहिला घास घेऊन म्हणाली, "मीठ जरा कमी आहे." तिचा चेहरा खुलला होता. दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नाव ठेवण्याचं सुख तिला किती वर्षांनी मिळत होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उन्हवऱ्याला गेलो. गावात उतरल्यावर हवेत गंधकाचा हलका वास येतो, दिवाळीत टिकल्या फोडल्यावर येतो तसा. उगमापाशी पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं, हात घालवत नाही. बायकांची जागा वेगळी, भिंतीआड. आत गेलं की बाहेरचं जग एकदम बंद होतं. इथे ना दिवे, ना बासरी, ना लॅव्हेंडर. ओली फरशी, वाफ, भिंतीवर टांगलेल्या साड्या आणि बायकांचे आवाज. कोपऱ्यात शाम्पूच्या रिकाम्या पुड्याही पडलेल्या होत्या, त्या दिसल्या नाहीत असं म्हणणार नाही. ज्याला फोटोतलं पाणी हवंय, त्याने चौदा हजार भरावेत.

पाणी सोसवेना म्हणून आधी फक्त पाय सोडून बसलो. शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी आईला सांगितलं, एकदम उतरू नकोस, आधी तांब्याने गुडघ्यावर घे. मग त्या दोघींचं गुडघ्यांवर जे सुरू झालं ते अर्धा तास. कुठला दुखतो, जिना चढताना की उतरताना, कुणाची सून काय म्हणते. पलीकडे एक माझ्याच वयाची मुलगी, कडेवरचं मूल नवऱ्याकडे बाहेर देऊन आलेली, डोळे मिटून नुसती बसली होती. आत कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं, आडनाव तर नाहीच. सगळ्या ओल्या गाउनमध्ये, सगळ्यांची पोटं सुटलेली, सगळ्यांच्या टाचांना भेगा. माझ्या ऑफिसात वर्षातून एकदा 'वेलनेस वीक' असतो. त्यात एकदाही माझं शरीर इतकं साधं, इतकं बिनमहत्त्वाचं झालं नव्हतं.

त्या रात्री मला साडेनऊला झोप आली आणि जाग आली ती सहाला. मी विज्ञानाची बाजू सोडणारी नाही, त्यामुळे सांगते : हा झऱ्यातल्या खनिजांचा चमत्कार असेलच असं नाही. २०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. झोपण्याच्या एक-दोन तास आधी चाळीस ते साडेबेचाळीस अंशांच्या पाण्याने आंघोळ केली, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यात निघालं. कारण उलटं वाटेल, पण सोपं आहे. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त धावतं, तिथून उष्णता बाहेर पडते, शरीर आतून थोडं थंड होतं आणि मेंदूला झोपेचा इशारा मिळतो. आम्ही सकाळीच आंघोळ करून आलो होतो, त्यामुळे हेही गणित पूर्ण बसत नाही. मला वाटतं, निम्मं काम त्या बाथरूमएवढ्या जगाने केलं, जिथे पेजरच्या ॲपला रेंज नव्हती. निम्मं काम, शेजारच्या खाटेवर आई घोरत होती, तिने. आई घोरते हे मला माहीत नव्हतं. घरी ती माझ्यानंतर झोपते आणि माझ्याआधी उठते.

तिसऱ्या दिवशी पन्हाळेकाजीची लेणी बघायचा बेत होता. नदीकाठी एकोणतीस लेणी, आधी बौद्धांची, नंतर नाथपंथीयांची. मी वाचून तयार होते. जेवून आई म्हणाली, पाच मिनिटं पाठ टेकते. दोनला आडवी झाली ती पाचला उठली. मी गॅलरीत बसून राहिले. एकदा फेरीवाला ओरडत आला, तर मी खाली जाऊन त्याला पुढे जायला सांगितलं. तीन तास मी कुणाच्या तरी झोपेची ऑन-कॉल होते आणि एकदाही त्रास झाला नाही. लेणी राहिली. उठल्यावर ती गडबडली, "अगं, उठवायचं नाहीस का? दिवस वाया गेला." मी चहा मागवला.

चार दिवस, तीन रात्री, दोघींचा सगळा खर्च सहा हजार दोनशे चाळीस. पण 'परवडणारं' हा शब्द मी इथे थोडा जपून वापरते. शेवटच्या रात्री मी खानावळीच्या काकूंना विचारलं, "तुम्ही जाता का उन्हवऱ्याला?" त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "लग्न होऊन आले त्या वर्षी गेले होते. आता सीझनला पाव्हणे असतात, सीझन संपला की पाऊस." खोलीपासून तासाभराच्या अंतरावर झरा, फुकट पाणी, अर्धं तिकीट, आणि तरी जायचं तर मागे भाकरी कोण थापणार? आई हे ऐकत होती. निघताना तिने बिलाशिवाय दोनशे रुपये काकूंच्या हातात ठेवले. त्या नको म्हणाल्या, तर म्हणाली, "ओवाळणी समजा." आमच्या घरी पैशांच्या बाबतीत आई काय आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या दोनशे रुपयांची किंमत कळेल.

पुण्यात परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझी ऑन-कॉल पुन्हा आली आणि तीनची जागही आली, रोज नाही पण आली. आता मी रात्री नऊला बादलीभर कढत पाण्यात पाय सोडून बसते आणि मॅनेजरकडे रोटेशन चाराऐवजी सहा आठवड्यांचं करायची मागणी लावून धरलीय. टीममधल्या दोघांनी तिला पाठिंबा दिलाय. त्यातला एक ब्रोशर टाकणारा.

परवा आईचा फोन आला. शेजारच्या दोन काकू आणि ती, तिघी मिळून पुन्हा जातायत, या वेळी राजापूरच्या उन्हाळ्याला. गाडीची वेळ तिने स्वतः स्टँडवर जाऊन विचारलीय. बाबांचा डबा ठरलाय. मी म्हटलं, मीपण येते, रजा टाकते.

"नको," आई म्हणाली, "तुझा फोन वाजतो."