वीस खुर्च्या

मार्चमध्ये आमच्या कॉम्प्युटर लॅबला दोन वास असतात. एक आतला, रात्रभर बंद राहिलेल्या खोलीचा: रेक्झिनची कव्हरं, तापून थंड झालेलं प्लॅस्टिक, सनमायकाखाली फुगलेलं प्लायवूड. दुसरा बाहेरचा, मागच्या परड्यात काजूखाली पडून आंबलेल्या बोंडांचा. खिडक्या लावून घेतल्या तर पहिला डोक्यात चढतो. उघडल्या तर दुसऱ्याच्या मागोमाग लाल धूळ येते आणि कीबोर्डांवर बसते. सकाळी साडेसातला शिपाईमामांकडून किल्ली घेऊन दार उघडलं की दिवसाचा पहिला निर्णय हाच. आज खिडक्या उघड्या ठेवल्या. मुलं उद्या येणार आहेत.

उद्या बारावीची माहिती तंत्रज्ञानाची ऑनलाइन परीक्षा. 80 गुण, अडीच तास. बाकीचे पेपर मुलं कागदावर लिहितात. पेन बंद पडलं तर हात वर करायचा, दुसरं मिळतं. या एका पेपरात मात्र मुलाला येणारं उत्तर आणि त्याला मिळणारे गुण यांच्या मध्ये माझी खोली येते. वीस मशीन, एक सर्व्हर, एक नेटवर्कचा स्विच, कोपऱ्यात सोळा बॅटऱ्यांचा यूपीएस आणि भिंतीच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून गेलेल्या केबली. मी शिक्षिका नाही, लॅब सहायक आहे. प्रश्नांची उत्तरं मला विचारू नयेत. पण ती उत्तरं जिथून जायची त्या वाटेवर कुठे खड्डा आहे, हे मला ठाऊक असलंच पाहिजे.

पूर्वी मी ही तपासणी उभ्याने करायची. सगळी मशीन चालू करायची, पडद्यावर डेस्कटॉप दिसला की वहीत नंबरापुढे खूण करायची, पुढे जायचं. अर्ध्या तासात काम संपायचं. ते का बंद केलं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी नऊ नंबरच्या मशीनवर एक मुलगी बसली होती. शांत, मान खाली घालून. वेळ संपली, मुलं उठली, ती बसूनच. मी जवळ गेले तर म्हणाली, “मॅडम, मी काहीच नाही केलं.” मला वाटलं, पेपर कोरा ठेवला म्हणते. तसं नव्हतं. कीबोर्डवरचं स्वल्पविरामाचं बटण चालत नव्हतं, आणि ते मी बिघडवलं नाही, असं तिला सांगायचं होतं. त्याच बटणाच्या डोक्यावर ‘लेस दॅन’ची खूण असते. एचटीएमएलचा प्रत्येक टॅग तिथूनच सुरू होतो. ते बटण नाही म्हणजे एकही टॅग नाही, आणि टॅग नाही म्हणजे 10 गुणांचे प्रोग्रॅम नाहीत. तिच्यापुढे कच्च्या कामाचा कागद होता. त्यावर पेन्सिलीने अख्खा प्रोग्रॅम लिहिलेला होता. प्रत्येक कंस जागच्या जागी, उघडलेला प्रत्येक टॅग नीट बंद केलेला. अडीच तासांत तिने एकदाही हात वर केला नव्हता, कारण हात वर केला असता तर मशीन हिने बिघडवलं असं ठरेल, ही भीती.

त्या नऊ नंबरापुढे माझी खूण होती.

तेव्हापासून मी प्रत्येक खुर्चीत बसते. उद्या तिथे बसणारं मूल जे जे करील ते सगळं करते. लॉगिन, सराव पेपर, माउस, आणि मग एक ठरलेली ओळ: लेस दॅन, ग्रेटर दॅन, दोन्ही महिरपी कंस, अवतरणं, अर्धविराम, स्लॅश, सगळी अक्षरं, सगळे अंक. आधी डाव्या शिफ्टने, मग उजव्या. एका खुर्चीला पंधरा मिनिटं लागतात. वीस खुर्च्यांना पाच तास, आणि बिघाड निघाले की वर आणखी.

वीसही मशीन एकदम चालू करायची नसतात. एकदम एवढा भार आला की कोपऱ्यातला एमसीबी पडतो. चार-चार करत जायचं. मग खोली हळूहळू जागी होते. मला आता आवाजावरून नंबर कळतात. दोनचा पंखा आधी घरघरतो आणि मग सुरात येतो. अकराची हार्ड डिस्क दाणे मोजल्यासारखी टिकटिकते. चार नंबर आज काहीच बोलला नाही, नुसती लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप. पडदा काळा. इथल्या खाऱ्या, दमट हवेत हे दुखणं नेहमीचं आहे. मेमरीच्या पट्टीवर सोनेरी दात असतात, त्यांच्यावर न दिसणारी साय धरते आणि मशीनला स्वतःची स्मृतीच सापडत नाही. पट्टी काढायची, पांढऱ्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने घासायचे, रबराचा चुरा ब्रशने झाडायचा, पट्टी खट्‌ असा आवाज येईपर्यंत परत बसवायची. शाळेतल्या दुरुस्तीच्या साहित्यात खोडरबर असतं, हे मी पहिल्यांदा एका जुन्या मेकॅनिककडून शिकले आणि मला फार बरं वाटलं होतं. दहा रुपयांची वस्तू, प्रत्येक दप्तरात सापडणारी. चार नंबर उठला.

तेरावर तारीख चुकलेली. पडद्याच्या कोपऱ्यात कुठल्या तरी जुन्या सालातली 1 जानेवारी. आत मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, 3 व्होल्टची. मशीन बंद असताना तेवढ्यावर त्याचं घड्याळ चालतं. ती संपली की दर सकाळी मशीनचा जन्म त्याच दिवशी होतो. दिसायला क्षुल्लक. पण घड्याळ चुकलं की ब्राउझर इंटरनेटवरच्या सुरक्षित ठिकाणांना ओळख द्यायला नकार देतो, त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत मशीनच्या तारखेवरूनच तपासली जाते. ही बॅटरी मी बाजारपेठेतल्या घड्याळजीकडून आणून ठेवते. मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून कॉम्प्युटरचा काळ विकत आणायचा, हे मला दर वेळी गोड वाटतं.

सतरा नंबरने मात्र दोन तास घेतले. चालू झालं, सगळं ठीक, पण सर्व्हर दिसेना. अशा वेळी हात सगळीकडे धावतो: केबल बदल, पत्ता बदल, मशीनच हलव. तो मोह आवरायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दुरुस्त झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि कळलं नाही तर उद्या अकरा वाजता ते परत येईल. सतराची केबल सोळाला लावली: सोळाही आंधळा झाला. म्हणजे मशीन निर्दोष. स्विचवरचं तोंड बदललं: फरक नाही. म्हणजे स्विचही निर्दोष. उरली भिंतीतून गेलेली तार. पांढऱ्या पट्टीचं झाकण काढत काढत कपाटामागे पोचले तेव्हा दिसलं, उंदराने निळं आवरण कुरतडून आतल्या दोन तारा तोडल्या होत्या.

मग खाली बसून नवी केबल. आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळाने विणलेल्या. पीळ सोडवायचे, तारा बोटांमध्ये सरळ करायच्या आणि ओळीने लावायच्या: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येऊन बसते, तिथेच नवशिके चुकतात. मी हे रंग मनात म्हणते, पाढ्यासारखे. क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाब दिला, टोक सतरात खोचलं आणि मागचा हिरवा दिवा लुकलुकला. त्या दिव्याने होणारा आनंद इतक्या वर्षांत कमी झालेला नाही.

दुपारी यूपीएसची पाळी. एकवीस मशीन चालू ठेवून मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढते. छतावरचे पंखे मंदावत थांबतात, ट्यूबा विझतात आणि खोलीत फक्त पडद्यांचा निळसर उजेड राहतो. मशीनचा गुंजारव पंख्यांखाली दबलेला असतो तो आता स्पष्ट ऐकू येतो, देवळाच्या गाभाऱ्यात कान भरून यावेत तसा. मी वहीत वेळ लिहून बसून राहते. या वर्षी 28 मिनिटं निघाली, गेल्या वर्षी 40 होती. लाईट गेली तर तेवढ्या वेळात जनरेटर सुरू झाला पाहिजे. मामांना डिझेल आणायला पाठवलं.

पडद्यांकडे बघत बसलं की मागचं आठवतं. आपल्या देशातल्या शाळांत कॉम्प्युटर आला तो 1984 मध्ये, क्लास नावाच्या प्रकल्पातून, ब्रिटनहून आलेले बीबीसी मायक्रो. ते मी पाहिलेले नाहीत. मी पाहिलं ते आठवीत असताना, लोगो. चपला दाराबाहेर काढून, पाय पुसून आत जायचं, एका मशीनवर चौघी. पडद्यावर एक छोटं कासव. त्याला 100 पावलं पुढे जा, 90 अंशांत वळ, असं चारदा सांगितलं की चौकोन उमटायचा. माझी पाळी आली आणि पडदा गोठला. बाईंनी बघितलं फक्त, रागावल्याही नाहीत, पण पुढच्या तासाला मी पाळी घेतलीच नाही. तेव्हा आम्हाला मशीनपेक्षा मशीनची किंमत जास्त शिकवली गेली होती. चपला आता कुणी काढत नाही. ती भीती मात्र मुलांच्या बोटांत अजून आहे, घरी मोबाइल चालवणाऱ्यांच्यासुद्धा. मोबाइल आपला असतो, मशीन शाळेचं.

आणि शाळेचं मशीन म्हातारं असतं. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. माझ्या वीसांपैकी चौदा मशीनना पुढची आवृत्ती चालत नाही. मी अर्ज दिलेत, देत राहीन. तोवर त्यांची चाकरी माझ्याकडे.

आठवीच्या मुलांना मी त्याच कीबोर्डांवर मराठी टाइप करायला बसवते, इन्स्क्रिप्टने. 1986 सालची ही मांडणी, डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. बटणांवर देवनागरी छापलेली नसते, म्हणून ओळ तोंडपाठ करायची: प, र, क, त, च, ट. चौदा-पंधरा मुलं एका सुरात ती म्हणतात तेव्हा बाहेर जाणारी माणसं थबकतात. या मांडणीत शिफ्ट धरून ते स्वल्पविरामाचं बटण दाबलं की ‘ष’ येतो. नऊ नंबरवर ते बटण मेलेलं होतं त्या दिवसांत तिथे कुणाला हर्षदा लिहिता आलं नसतं, की भाषा हा शब्द. आठवीच्या एखाद्या मुलाने नक्कीच तो शब्द सोडून दिला असेल आणि मला सांगितलं नसेल.

साडेपाच वाजले तेव्हा अठरा खुर्च्या झाल्या होत्या. एकोणीस आणि वीस झाल्यावर मी नऊकडे परत गेले. तिथे दोनदा बसायचं, हा माझा नेम. ओळ टाइप केली, सगळ्या खुणा उमटल्या. तेवढ्यात दारात बारावीतली एक मुलगी. वरच्या वाडीतून एवढ्या लांब चालत आलेली, घामेजलेली.

“मॅडम, माझा नंबर कुठल्या मशीनवर येतो तेवढं बघायचं होतं.”

यादी पाहिली. चौदा. म्हटलं, बस, हात फिरवून बघ, सराव पेपर उघडाच आहे. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. एका बोटाने, मग दोन्ही हातांनी काहीतरी लिहू लागली. मी वहीत खुणा करत राहिले. तिकडचा आवाज थांबला. ती पडदा वाचत असावी, किंवा उद्याचा विचार करत असावी. बऱ्याच वेळाने चौदाचा पडदा विझला आणि तिने दोन्ही हात उचलून छातीशी घेतले.

“मॅडम, मी काहीच नाही केलं!”

“माहीत आहे. तो आपणहून झोपतो. माउस हलव.”

तिने हलवला. पडदा उजळला, तिचा प्रोग्रॅम होता तिथेच होता. तिने माझ्याकडे बघितलं.

“आणि उद्या काही अडलं तर हात वर करायचा. लगेच. कुणी रागावणार नाही. मी इथेच या स्टुलावर असेन.”

तिने मान हलवली आणि खुर्चीत जरा मागे सरकून बसली.

“अजून दहा मिनिटं बस,” मी म्हटलं, “तोवर मी खिडक्या लावून घेते.”