लग्नसराईतला दुष्काळ

जावा बेट म्हटलं की पाण्याने भरलेली भातखाचरं डोळ्यांसमोर येतात. गुनुंगकिदुल जिल्ह्याच्या दक्षिण भागात ती दिसत नाहीत. योग्यकार्ता शहरापासून दोनेक तासांवर, हिंदी महासागराला लागून असलेला हा मुलूख चुनखडीच्या टेकड्यांचा आहे. पाऊस बक्कळ पडतो, पण दगडांच्या भेगांतून खाली उतरतो आणि जमिनीखालच्या नद्यांमधून समुद्राला जाऊन मिळतो. ब्रिबिनच्या गुहेतली अशीच एक नदी जर्मनीतल्या कार्ल्सरूह विद्यापीठाच्या मदतीने अडवून तिचं पाणी वर चढवलं होतं. मी राहिले ती वाडी तेपुसच्या बाजूची. तरीही तिथे नळाच्या भरवशावर कोणी राहत नसे.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी तिथे गेले. योग्यकार्तात इंडोनेशियन भाषा शिकत होते, आणि सुट्टी लागल्यावर घरमालकिणीने मला तिच्या माहेरी, भावजयीकडे धाडलं. त्या भावजयीला मी सगळ्यांसारखीच ‘इबु’ म्हणू लागले. घरात इबु, त्यांचे यजमान म्हणजे ‘पाक’, आणि पाकांच्या आई, ‘सिंबाह’. थोरली लेक लग्न होऊन सुमात्राला, मुलगा जकार्तात बांधकामावर, धाकटी तांगेरांगच्या बुटांच्या कारखान्यात. वाडीतल्या बहुतेक घरांची हीच गत होती. शेतात दिसायची ती माणसं साठीच्या पुढची.

मी माणदेशातली. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या, म्हणून मी आल्या आल्या पाण्याचीच चौकशी केली. प्रत्येक घराला पावसाचं पाणी साठवायची सिमेंटची टाकी असते. त्या वर्षी पाऊस लवकर थांबला आणि टाक्या जुलैतच खडखडल्या. मग टँकर. पाच हजार लिटरला दीड लाख रुपिया, म्हणजे आपले साडेसातशे रुपये. काटकसर केली तर तीन आठवडे पुरायचा. गुरांचा चारा, भाताचा पेंढा आणि उसाचे वाढे, सपाटीवरच्या गावांतून ट्रकने यायचा आणि तोही विकतच. दोन गाईंना जगवण्यासाठी पाकांनी तिसरी विकली होती. छावणी मला तिथे कुठे दिसली नाही. बकरी ईदच्या आधी शहरातले व्यापारी जनावरं न्यायला येतात, तेव्हाच काय तो बरा भाव मिळतो. लोक बँकेत पैसे ठेवत नाहीत असं नाही, पण अडीनडीला उपयोगी पडते ती दावणीची गाय आणि बांधावरचं सागाचं झाड.

शेतात त्या वेळी एकच काम होतं, कसावा. आपल्या साबुदाण्याचा कंद तो हाच. पावसाळ्यात भात आणि मक्याच्या ओळींमध्ये लावतात आणि सगळं वाळून गेल्यावर उपटतात. सकाळी सिंबाह अंगणात बसायच्या आणि सुरीने साल सोलायच्या. साल एका सलग पट्टीत निघायची, तीही शेळ्यांसाठी राखून ठेवायची. पांढरे कंद चिरून दगडावर, छपरावर, थेट रस्त्यावर वाळत घालायचे. दुपारी उलटायचे, संध्याकाळी गोळा करायचे, कारण दव पडलं की बुरशीने काळे पडतात. आठवडाभरात ते खडूसारखे कोरडे होतात. त्याला गापलेक म्हणतात. व्यापारी किलोमागे दोन हजार रुपियाही देत नव्हता, म्हणजे दहा रुपयांच्या आतच. त्याच्याच पिठाचा वाफवलेला तिवुल सिंबाहंनी साठच्या दशकातल्या दुष्काळात खाऊन दिवस काढले होते. भात परवडत नाही त्याने तिवुल खायचा, अशी तेव्हाची रीत. आज वोनोसारीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या बाजारात तोच तिवुल पाकिटात घालून पर्यटकांना विकतात. सिंबाहंना मात्र ताटात भातच लागायचा, आणि मला ते पूर्णपणे पटलं.

गाव अगदीच दुर्लक्षित होतं असंही नाही. 2014 च्या ग्रामकायद्यानंतर, 2015 पासून केंद्राचा निधी गावांना मिळू लागला. ग्रामकचेरीसमोर दोन माणसांच्या उंचीचा फलक होता आणि त्यावर वर्षाचा सगळा जमाखर्च छापलेला, कोणत्या वाडीला किती मीटर रस्ता, किती रक्कम. आमच्या वाडीचा रस्ता त्यातलाच, काँक्रीटच्या दोन समांतर पट्ट्या, मधे माती. मोटारसायकल एका पट्टीवरून जाते आणि दुसऱ्या पट्टीवर गापलेक वाळतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा हिशेब रस्त्यावर लावलेला पाहून मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

पण इबुंची झोप उडाली होती ती पाण्यामुळेही नाही आणि चाऱ्यामुळेही नाही. जावाच्या पंचांगातला ‘बसार’ महिना चालू होता. बकरी ईद येते तो हा महिना, लग्नांचा. पुढच्या ‘सुरा’ महिन्यात कोणी लग्न करत नाही, त्यामुळे सगळी लग्नं याच महिन्यात कोंबलेली. प्रत्येक लग्नाला पाकीट द्यायचं. ओळखीच्या घरी पन्नास हजार रुपिया, जवळच्या घरी लाख, शिवाय तांदूळ, साखर, चहा. शेजारचं लग्न असेल तर बायांनी दोन-तीन दिवस आधीपासून स्वयंपाकाला जायचं. त्या महिन्यात इबुंकडे डझनभरापेक्षा जास्त आमंत्रणं होती. गुनुंगकिदुलचं त्या वर्षीचं किमान वेतन महिन्याला 15 लाख 71 हजार रुपिया होतं, आख्ख्या योग्यकार्ता प्रांतात सगळ्यांत कमी. पन्नास हजारांची डझनभर पाकिटं धरली तरी त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम उडते. आणि पाकांना किमान वेतन देणारं तरी कोण होतं? दुसऱ्याच्या शेतात काम मिळालं तर दिवसाची मजुरी, नाहीतर तीही नाही. टँकर उधारीवर आला. पाकिटं रोख गेली.

हा आपला आहेरच. लग्नघरात एक माणूस वही घेऊन बसतो, नाव आणि रक्कम लिहितो. आपल्या घरी कार्य निघालं की वही उघडून पाहायचं, कोणी काय दिलं होतं. इबुंच्या कपाटात थोरलीच्या लग्नाची वही होती, कडक पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. परत केलेल्या नावापुढे शाईची टिकली. आपण दुसऱ्यांना काय दिलं, त्याची त्यांनी वेगळी वही ठेवली होती, आणि ती पहिलीपेक्षा बरीच जाड होती.

महिनाअखेरीस धाकटी चार दिवसांसाठी आली. तिचंही जमलं होतं, कारखान्यातल्याच मुलाशी. रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “इबु, आम्ही विवाह नोंदणी कचेरीत निकाह करणार. कामाच्या दिवशी तिथे जाऊन केलं तर एक पैसा लागत नाही. मांडव नको, गाय विकायला नको.”

इबु बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी ती जाड वही आणून तिच्यापुढे ठेवली. “मांडव नाही घातला तर हे कोण परत करणार? तुला वाटतं मी तीस वर्षं खर्च करत होते. मी साठवत होते.”

“ज्यांना दिलंत त्यांतले निम्मे गाव सोडून गेलेत.”

“त्यांचे आईबाप इथेच आहेत.”

लेकीचा हिशेब पक्का होता आणि मला तो आवडलाही. तिच्या एका महिन्याच्या ओव्हरटाइममधून दोन टँकर आले असते. पण इबुंचं म्हणणंही मी नाकारू शकले नाही. पाक दोन वर्षांपूर्वी सागावरून पडून कंबर मोडून घेऊन आले, तेव्हा दवाखान्याचे पैसे वाडीनेच गोळा केले होते. जो पाकिटं देणं थांबवतो त्याच्यासाठी ती वर्गणी निघते का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. गरिबी मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात हा हप्ता धरलेला मी पाहिलेला नाही, आणि तो धरला नाही तर ही माणसं दुष्काळात पैसे कुठे घालवतात ते कधीच कळणार नाही.

वाद त्या रात्री मिटला नाही. पुढच्या वर्षी करोना आला आणि मांडवांवरच बंदी आली. धाकटीचा निकाह कचेरीत झाला, मोजक्या माणसांत, मास्क लावून. इबुंनी फोनवर सांगितलं की नंतरचे काही आठवडे शेजारीपाजारी एकेकटे येत राहिले, पाकीट दिलं, चहा घेतला, गेले. गाय विकावी लागली नाही. निम्म्याहून अधिक नावांपुढे टिकली पडली, आणि लेकीने त्या सगळ्या पानांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवले, कारण यापुढची पाकिटं तिच्या पगारातून जाणार होती.