झिजण्याची मर्यादा

मराठीत ‘झिजणे’ या क्रियापदाला दोन अगदी वेगवेगळी नशिबे लाभली आहेत. कचेरीचे उंबरठे झिजवणारा माणूस आपल्याला दयनीय वाटतो. नोकरीसाठी चपला झिजवणारा तरुण हा तर आपल्या कथा-कादंबऱ्यांचा जुना रहिवासी आहे. पण तेच क्रियापद चंदनाच्या सोबतीने आले की त्याला एकदम प्रतिष्ठा मिळते. अमुक सर संस्थेसाठी चंदनासारखे झिजले, तमक्या माउलीने मुलांसाठी देह झिजवला, असे म्हणताना वक्त्याचा आवाज खाली येतो आणि श्रोते मान डोलावतात. उंबरठा झिजतो तेव्हा कोणीतरी दोषी असतो. माणूस चंदनासारखा झिजतो तेव्हा मात्र दोष कोणाकडेच जात नाही. भाषेने करून दिलेली ही सोय आम्हीही अनेक वर्षे वापरत आलो आहोत. तिच्याकडे जरा निरखून पाहण्याचा प्रसंग आला तो मोटारीचे टायर आणि ब्रेक बदलताना.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो आणि धरणगावात राहतो. आमची छोटी मोटार आठवड्याचे सहा दिवस पाळधीमार्गे, गिरणेचा पूल ओलांडून जळगावला जाते आणि संध्याकाळी परतते. सातव्या दिवशी ती आईला दवाखान्यात नेते किंवा धान्याचे पोते दळणाला नेते. मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी, तिची तपासणी करून घ्यायची असा आमचा नेम आहे. खानदेशात या नेमाला कारण आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि डांबर मऊ पडते. मग मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल यांचा निसरडा थर तयार होतो. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. कपाशीला पोसणारी ही माती ओल्या रस्त्यावर साबणासारखी वागते.

यंदा मिस्त्रींनी पुढच्या टायरवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “सर, दिसाले ते बरा शे, पन पानीमा रस्ता धराव नही.” दिसायला बरा, पण पाण्यात रस्ता धरणार नाही. पुरता गुळगुळीत झालेला टायर ओळखायला मिस्त्री लागत नाही. त्याला आपण सगळेच ‘गोटा’ म्हणतो. अवघड असते ते गोटा होण्याच्या अलीकडचे ओळखणे. टायरच्या खाचांच्या तळाशी जागोजाग रबराचे छोटे आडवे उंचवटे ठेवलेले असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. वरचे रबर झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायर संपला असे समजायचे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही मोटारीसाठी हीच मर्यादा धरली आहे. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. म्हणजे झिजायला परवानगी आहे ती सहा-साडेसहा मिलिमीटरची. आमच्या पुढच्या टायरांत दोनच्या आसपास उरले होते. नियमाच्या आत, पण पावसाळ्याच्या तोंडावर.

या खाचांचे काम रस्त्याला पकडण्याचे असावे असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत रबरही उत्तम पकडते. शर्यतीच्या मोटारींचे कोरड्यातले टायर बिनखाचांचेच असतात. खाचा असतात त्या पाण्याला वाट काढून देण्यासाठी. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो सुमारे तळहाताएवढ्या जागेत. चार माणसे आणि त्यांचा संसार अशा चार तळहातांवर धावत असतो. तळहाताखालचे पाणी वेळेत बाजूला सरले नाही, तर चाक पाण्यावर तरंगू लागते आणि मग सुकाणू फिरवूनही उपयोग नसतो.

आमच्या एका नातलगांनी सल्ला दिला, “राहू द्या, एक पावसाळा निघेल.” हे ‘निघेल’ मराठी संसाराचे मोठे लाडके क्रियापद आहे. छत्री निघेल, दप्तर निघेल, पुलाचा कठडा निघेल. त्याला कर्ता नाही, त्यामुळे जबाबदारीही नाही. पावसाळा काढणारा कोण, आणि तो निघाला नाही तर काय, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दात विरघळून जातात.

टायर हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण ती वस्तू आपल्याला नवी नव्हती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवायच्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती पट्टी तापवून लाल करतो, फुगलेली असतानाच चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. थंड होताना ती आकसते आणि आरे, तुंबा, पाटे यांना घट्ट आवळून धरते. धावण्याची आणि झिजण्याची क्रिया ज्या वस्तूवर घडते तिलाच धाव म्हणणारी भाषा नक्कीच डोळस होती. मात्र गाडी आवरण्याचे काम तेव्हा बहुतांशी बैलांच्या अंगावर असे. उतारावर मागचे ओझे जूवरून पुढे रेटत येई आणि बैल पाय रोवून ते अडवत. म्हणजे ब्रेकच्या जागी जिवंत मान होती आणि तिची झीज खांद्यावर उघड दिसत असे. म्हणूनच पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात: हळद आणि तूप किंवा लोणी लावून बैलाचे खांदे चोळायचे आणि सणाच्या दिवशी त्याला जुंपायचे नाही. आपण याकडे केवळ कृतज्ञतेचा विधी म्हणून पाहतो. तो तपासणीचाही दिवस होता असे आम्हाला वाटते. वर्षातून एकदा मालकाचा हात जनावराच्या झिजलेल्या जागेवरून फिरलाच पाहिजे, अशी ती तजवीज होती.

आता ब्रेकविषयी. धावणाऱ्या मोटारीत साठलेली ऊर्जा कोठेतरी जावी लागते. ब्रेक दाबला की तेलाच्या नळीतून दाब चाकापर्यंत पोहोचतो, दोन पॅड फिरत्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गतीची उष्णता होते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० वेगाने जाणाऱ्या गाडीला, ब्रेक तितकाच कडक लागला तरी, थांबायला चौपट अंतर लागते. या व्यवहारात कोणीतरी झिजणार हे ठरलेलेच असते. कोणी, हे मात्र रचनाकाराने आधी निवडलेले असते: तबकडी टिकावी म्हणून पॅड झिजतो. चाकाच्या रिमवर बसणारी काळी भुकटी ही बरीचशी त्याचीच झीज असते.

ही जोडी पाहताना आम्हाला देवघरातले खोड आणि सहाण आठवली. चंदन झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. सहाणेलाही कालांतराने खळगा पडतो, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पण मोटारीतल्या चंदनाला एक गोष्ट अधिक दिलेली असते. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारीक जीभ लावलेली असते. पॅड ठरावीक जाडीपेक्षा पातळ झाला की ती जीभ तबकडीला टेकते आणि कर्कश किंचाळते. हा बिघाड नव्हे. तो आवाज व्हावा म्हणूनच ती बसवलेली असते. त्याकडे लक्ष दिले नाही, तर उरलेला पॅड संपतो, त्यामागची लोखंडी पट्टी तबकडीवर घासू लागते आणि जी वस्तू वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच चरे पडून निकामी होते. शिवाय ऐन वेळी गाडी थांबत नाही ती वेगळीच. आमच्या पॅडनी आदल्या आठवड्यापासून सकाळच्या पहिल्या दोन-चार वळणांवर बारीक आवाज सुरू केला होता. मिस्त्रींनी चाक उतरवून दाखवले: पॅड दोन-तीन मिलिमीटर उरले होते, तबकडी शाबूत होती.

थांबणे ही इच्छेची नव्हे, अंतराची गोष्ट आहे, हे धरणगावकरांना वेगळे सांगायला नको. १३ ऑगस्ट १८९० रोजी याच गावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, ५ मे १९१८ रोजी जळगावच्या पुढे भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. सत्तावीस वर्षांचे आयुष्य. त्यांच्या कवितेतल्या झऱ्यांवर आणि उन्हावर आम्ही वर्गात तासचे तास बोललो आहोत. त्यांच्या मृत्यूवर मात्र एक ओळ बोलून पुढे जातो, आणि ती ओळ बहुधा ‘क्रूर नियती’ची असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार थोडे अडते. रेल्वे कमी ताकदीत मोठे ओझे ओढते ते त्याच कारणाने, आणि समोर कोणी दिसल्यावर चालकाने काहीही केले तरी ती लांबवर जात राहते तेही त्याच कारणाने. एवढे सांगितले की नियती या शब्दावरचे ओझे थोडे हलके होते. आमच्या घरातून रोज निघणाऱ्या गाडीचे अंतर तरी आमच्या हातात आहे.

पॅडच्या त्या जिभेने मात्र आमची पाठ सोडली नाही. आमच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. डॉक्टरांचा शब्दही तोच, झीज. क्ष-किरणाच्या चित्रात दोन हाडांमधली फट अरुंद होत गेलेली दिसते, आणि तीही मिलिमीटरमध्येच मोजतात. आईने इतकी वर्षे तक्रार केली नाही, हे आमच्या नातलगांत कौतुकाने सांगितले जाते. कुरकूर न करणे हा आपल्याकडे झिजण्याच्या पुण्याचा अर्धा भाग आहे. अभियंत्याने मात्र उलट हिशेब केला: जो झिजणार आहे त्याला कुरकुरता आले पाहिजे, नाहीतर सगळ्यांच्याच जिवाला धोका.

आमच्यापैकी एकाची नोकरी कायम आहे. दुसऱ्याची अकरा वर्षे तासिका तत्त्वावर आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना ही रचना परिचित आहे: शिकवलेल्या तासांपुरते मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी नव्याने मुलाखत. ‘यंदा यांच्यावर निघेल’ हे वाक्य या रचनेच्या पोटात कोठेतरी लिहिलेले आहे. अशा प्राध्यापकांच्या झिजण्याला चंदनाची उपमा देण्याची पाळीही येत नाही, कारण उपमा निरोप समारंभात दिली जाते आणि त्यांचा निरोप समारंभ होत नाही. मिस्त्रींनी आमच्या डिकीतला राखीव टायर बाहेर काढला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्या स्टेपनीच्या खाचा नव्यासारख्या खोल होत्या, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती वाचल्यावर वय समजले. रबर न धावताही म्हातारे होते. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहणारे आमचे मित्र आम्हाला त्या क्षणी आठवले, आणि त्यांच्या बाबतीत तारीख वाचणारे कोणी नाही हेही.

शेवटी आम्ही पुढचे दोन टायर, स्टेपनी आणि चारही चाकांच्या ब्रेकचे सामान बदलले: पुढे पॅड, मागच्या ड्रममध्ये लायनर. नवे दोन टायर मिस्त्रींनी मागे घातले आणि मागचे, ज्यांच्या खाचा अजून बऱ्या होत्या, पुढे आणले. ओल्या वळणावर मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही, हे त्यामागचे कारण. ब्रेकचे तेलही बदलले. ते तेल हवेतला ओलावा शोषते. मग तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो, म्हणून दोन वर्षांनी ते काढून टाकायचे. सगळ्याला मिळून कायम नोकरीतल्या पगाराचा बरा तुकडा गेला. नातलग म्हणाले, एवढी घाई नव्हती. निघताना मिस्त्रींनी बजावले की सुरुवातीचे शे-दीडशे किलोमीटर सबुरीने चालवा. नवे रबर आणि नवे पॅड यांनाही रस्त्याशी आणि तबकडीशी ओळख करून घ्यायला वेळ लागतो.

या महिन्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होत आहेत आणि त्यांचे मानपत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले आहे. संस्थेकडून आलेल्या नमुन्यात चंदनाचे वाक्य ठरलेल्या जागी आहेच. ते आम्ही काढले. त्या जागी सध्या त्यांनी शिकवलेल्या वर्गांची संख्या, त्यांच्याकडे असलेली परीक्षेची आणि वसतिगृहाची जादा कामे, आणि मागूनही न मिळालेल्या दोन सहायकांचा उल्लेख आहे. सभेत हे वाचू देतील की नाही, सांगता येत नाही. सरांना आधी दाखवले, तेव्हा ते बराच वेळ कागद हातात धरून बसले आणि म्हणाले, “सहायक दोन नव्हे, तीन मागितले होते. तेवढे दुरुस्त करा.” आम्ही केले.